द्विपक्षीय व्यापार, शुक्रवारी सहा ते सात

पोर्तुगालच्या बाईंचं पत्र आलं तेव्हा इल्पो तुरुनेन ऑफिसातून येऊन पायमोजे काढत होता. एक पायमोजा हातात धरूनच त्याने ते पत्र तीनदा वाचलं आणि बायकोला हाक मारली. हाक अशी होती की रित्वा फडकं घेऊनच धावत आली. तिला वाटलं, कपडे धुण्याचं मशीन पुन्हा गळायला लागलं.

इल्पो दिवसा नगरपालिकेच्या जमीनमोजणी खात्यात नकाशे सांभाळायचा. उरलेल्या वेळात तो 'फिनलंड–पोर्तुगाल व्यापारी मंडळ, लेह्तोनिएमी शाखा' होता. शाखेचा चिटणीस वगैरे नव्हे, शाखाच. दोन देशांमध्ये व्यापार आणि गुंतवणूक वाढावी हे मंडळाचं ध्येय, आणि हेलसिंकीचं मुख्य कार्यालय त्या ध्येयासाठी दर तिमाहीला एक फॉर्म पाठवायचं. सहा वर्षांत शाखेने पोर्तुगालहून सार्डिन माशांचे डबे गावातल्या एका दुकानात आणवले होते आणि इकडून सौनाची, म्हणजे लाकडी खोलीत बसून घेतात त्या वाफस्नानाची, एक भट्टी तिकडच्या एका दंतवैद्याला पाठवली होती. डबे अजून दुकानातच होते. दंतवैद्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

आता मात्र ग्रासा वालादारेश नावाच्या बाई स्वतः येणार होत्या. त्यांचा बुचाचा कारखाना होता. बूच कितीही गरम जागी ठेवलं तरी चटका देत नाही, म्हणून सौनात बसायला बुचाचे पाट करावेत आणि ते फिनलंडमध्येच जोडावेत असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी लेह्तोनिएमीतला बंद पडलेला लाकूडकामाचा कारखाना घ्यायची त्यांची तयारी होती. 'शुक्रवारी दुपारी कारखाना पाहीन,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'संध्याकाळी माझ्या पाटावर बसून बघीन. पण हॉटेलातल्या सौनात नाही. तुमची माणसं जिथे दर आठवड्याला खरोखर बसतात तिथे. तिथे समाधान झालं तर कारखाना घेतला. नाही तर शनिवारी सकाळी मी विमानात.'

रित्वा खुर्चीवर टेकली. "काउकोला सांगितलंस?"

काउको तिचा धाकटा भाऊ. त्या कारखान्यात तो फोरमन होता. मार्चमध्ये कारखाना बंद झाला आणि चौदा माणसं घरी बसली. म्हणजे तेरा बसली. काउको अजूनही रोज सकाळी सातला कुलूप उघडायचा, यंत्रांना तेल घालायचा, डबा खायचा आणि चारला घरी यायचा. जा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जाऊ नकोस म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ती यंत्रं भंगारात जायची होती.

"दाजी, बाईंना माझ्याकडे आणलं असतं," काउको फोनवर म्हणाला, "पण माझा सौना जूनमध्येच जळाला."

सौना हा असा अधूनमधून जळतोच, त्यात कुणाला विशेष वाटत नाही. गावातल्या बाकीच्यांचे चांगले सौना तळ्याकाठच्या सुट्टीतल्या घरांत होते, आणि शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी स्वतःच त्यांत बसलेली असणार होती. उरला सोसायटीचा सौना. तळघरात, चोवीस बिऱ्हाडांत मिळून एक. दर आठवड्याला प्रत्येक बिऱ्हाडाला ठरलेला एक तास. इल्पोचा तास मंगळवारी चार ते पाच. त्या वेळी भट्टी नुकती पेटलेली असते आणि इल्पो ऑफिसात असतो.

शुक्रवारी सहा ते सात हा त्या इमारतीतला सोन्याचा तास. तो चौतीस वर्षं हिल्का पोइहोनेन या बाईंच्या नावावर होता. हिल्काबाई एक्याऐंशी वर्षांच्या. कालव्याचे दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे अशी त्यांची आयुष्यभराची नोकरी, त्यामुळे भल्याभल्या जहाजांना ताटकळत ठेवायची सवय हाडात भिनलेली. शुक्रवारच्या तासासाठी प्रतीक्षायादी होती आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर गेली अकरा वर्षं इल्पो होता. प्रतीक्षायादी पुढे सरकायला काय व्हावं लागतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नसे. मात्र जिन्यात हिल्काबाई भेटल्या की "काय इल्पो, माझी तब्येत उत्तम आहे हं," असं न विचारता सांगायच्या.

इल्पो थेट त्यांच्याकडे गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सरकारी माणूस आधी अर्ज करतो. तो सोसायटीच्या चेअरमनकडे, आउलिसकडे गेला. आउलिस रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झालेला. त्याने चष्मा लावून अर्ज वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला.

"परराष्ट्र व्यापारासाठी सौना," तो म्हणाला. "असा रकाना नाही आपल्याकडे. 'लहान मुलाचं बारसं' आहे. 'नळदुरुस्ती' आहे."

"नळदुरुस्तीत बसवा."

"खोटं कसं लिहायचं? आपण असं करू. 'शुक्रवार सहा ते सात या वेळेबाबत, अर्जदार इल्पो तुरुनेन' एवढं लिहून तीन दिवस फलकावर लावू. हरकत आली नाही तर मग हिल्काबाईंची सही घे. आणि काय रे, परदेशी पाहुण्या येतायत तर झेंडा नको का लावायला?"

"पोर्तुगालचा मागवतो."

"खांब आपला आहे. झेंडाही आपलाच लागेल."

सहीचं इल्पोने बुधवारवर टाकलं. बुधवारी धीर करून हिल्काबाईंची बेल वाजवली तर त्या नव्हत्याच. लाल बोरांचा मुरंबा करायला बहिणीकडे गेल्या होत्या, आणि हे त्यांनी इमारतीत कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण आपण बाहेरगावी गेल्याचं शेजाऱ्यांना कळवणं हा त्यांच्या मते चोरांना दिलेला निरोप होता. गुरुवारीही दार बंद. इल्पोला मनातून जरा बरंच वाटलं. भीती उद्यावर गेली की ती निम्मी होते असा त्याचा अनुभव होता.

शुक्रवारी सकाळी बरोबर आठला त्याने कोट घालून, शेव्हिंग करून, अंगणात झेंडा चढवायला घेतला. फिनलंडचा निळा क्रूस वाऱ्यावर छान उलगडला आणि खांबाच्या मध्यावर येऊन अडकला. इल्पोने दोरी ओढली. दोरी सैल केली. दोरीला समजावलं. झेंडा वरही जाईना आणि खालीही येईना. देखभालवाल्याला फोन केला तर मशीन म्हणालं, सोमवारी.

आता, अंगणातला झेंडा अर्ध्यावर असेल तर त्या इमारतीतलं कुणीतरी गेलं, ही खूण त्या गावात लहान मुलांनाही ठाऊक असते. इल्पोलाही ठाऊक होती. पण कुणीच गेलेलं नाही हेही सर्वांना ठाऊक असणारच, असा त्याने विचार केला आणि तो भाषणाची उजळणी करायला वर गेला.

साडेआठला पेपर आणायला निघालेल्या लोकांनी झेंडा पाहिला. कोण गेलं ते कळावं म्हणून ते फलकाकडे गेले. फलकावर शुक्रवार सहा ते सात आणि खाली इल्पोचं नाव. दोन दिवस हिल्काबाईंच्या खिडकीत दिवा नव्हता. यापुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

नवाला तिसऱ्या मजल्यावरची सायमी आली. प्रतीक्षायादीत तिचा क्रमांक दुसरा. हातात वेलदोड्याच्या गोड पावांची थाळी होती.

"कळलं मला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कधी आहे?"

"आज संध्याकाळी सहाला," इल्पो म्हणाला.

"आजच? इतक्या तडकाफडकी?"

"त्यांना उद्या सकाळी जायचंय ना. रित्वाने रजा टाकलीय, खाण्यापिण्याचं ती बघतेय. एकदा ते दार बंद झालं, आत ऊब मिळाली की सगळं मनासारखं होईल."

सायमीने थाळी छातीशी धरली. "अकरा वर्षं थांबलास तू."

यादीतला आपला क्रमांक हिच्या लक्षात आहे याचं इल्पोला कौतुक वाटलं. "खरं सांगू? मी आशाच सोडली होती. आजची सकाळ उजाडली आणि वाटलं, चला, सुटलो."

सायमी दोन पायऱ्या मागे सरकली आणि पाव न देताच वर निघून गेली. तासाभरात जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस इल्पोकडे न बघता भिंतीकडे बघून जायला लागला. त्याला वाटलं, गावाला शाखेचा दबदबा वाटू लागलाय.

दुपारच्या बसने हिल्काबाई मुरंब्याची बादली घेऊन उतरल्या. अंगणात येताच त्यांनी झेंडा पाहिला, बादली खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि मिनिटभर मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग बाकावर बसलेल्या आउलिसला विचारलं, "कोण रे गेलं बिचारं?"

आउलिसच्या हातातलं आइस्क्रीम विरघळून बुटावर पडत होतं.

पाच मिनिटांनी इल्पोच्या घराची बेल वाजली. दारात हिल्काबाई होत्या. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात त्यांच्याच दारापुढून उचललेली मेणबत्ती, पांढरी फुलं आणि एक कार्ड.

"इल्पो," त्या म्हणाल्या, "मी गेले हे मला सोडून सगळ्यांना सांगितलंस."

"हिल्काबाई, मी कुणालाच काही..."

"कार्डावर तेरा सह्या आहेत. तुझी नाही."

"मला माहीतच नव्हतं!"

"मग कुणाला माहीत असायचं? पहिला नंबर तुझा." त्यांनी फुलांचा वास घेतला. "फुलं चांगली आहेत म्हणा. जिवंतपणी कुणी आणली नाहीत."

रित्वाने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि इल्पोला डोळ्यांनी गप्प केलं. मग तिने सरळ सांगितलं. बुचाचे पाट, पोर्तुगालच्या बाई, पहिली तारीख. आणि काउको रोज डबा घेऊन कुठे जातो तेही सांगितलं.

हिल्काबाईंनी कॉफीत पाव बुडवला, खाल्ला, दुसरा बुडवला. रित्वाला तेवढा वेळ दम धरणं जड गेलं.

"माझा तास मी कुणाला देत नाही," अखेर त्या म्हणाल्या.

इल्पोने डोळे मिटले.

"पण माझ्या तासाला मी कुणाला सोबत न्यावं हा माझा प्रश्न. नियम सातवा. बाईमाणूस आहे ना? मग येऊ दे. मी घेऊन बसते."

"पण तुम्हाला त्यांची भाषा येत नाही!" इल्पो म्हणाला. "आणि माझं सादरीकरण आहे. अडतीस पानं आहेत! आयात आहे, निर्यात आहे, रंगीत आलेख आहेत."

"बायका बसलेल्या सौनात येऊन वाचणार आहेस?"

या अडचणीचा शाखेने विचारच केला नव्हता. सहा वर्षं पत्रव्यवहार करताना गुंतवणूकदार बाई असेल आणि गुंतवणूक कपडे काढून व्हायची असेल, ही शक्यता कोणत्याही परिपत्रकात आली नव्हती.

"तू जिन्यात बस," हिल्काबाई बादली उचलत म्हणाल्या. "आणि दार वाजवायचं नाही."

ग्रासाबाई चारला आल्या. बुटक्या, गोल, हातात भली मोठी पेटी, आणि उतरल्या उतरल्या बोलायला सुरुवात. त्यांनी इल्पोच्या दोन्ही गालांचा मुका घेतला, मग आउलिसच्या. आउलिस पन्नास वर्षांत इतका कुणाच्या जवळ गेला नव्हता. तो तिथेच हात खाली सोडून उभा राहिला. बाईंचं लक्ष झेंड्याकडे गेलं.

"अरेरे! कुणाचं निधन झालं?"

"नाही, नाही," इल्पो घाईने म्हणाला. "तो तुमच्यासाठी आहे."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि पुढची दहा मिनिटं त्या पहिल्यांदाच गप्प होत्या.

कारखान्यात काउकोने काहीच सांगितलं नाही. त्याने नुसतं करवतीचं बटण दाबलं. पाच महिने बंद असलेली करवत लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. बाईंनी पात्यापाशी बोट नेलं, तेल पाहिलं, काउकोकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. इल्पोने वाकून वाचायचा प्रयत्न केला. पोर्तुगीज होतं.

सहाला एक मिनिट कमी असताना हिल्काबाई तळघरात हजर. खांद्यावर टॉवेल, हातात अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी. त्यांनी ग्रासाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान हलवली, आत घेतलं आणि दार लावलं. कडीचा आवाज झाला. फिनलंड आणि पोर्तुगाल यांच्यातल्या वाटाघाटी सुरू झाल्या.

इल्पो पायरीवर बसला. मांडीवर अडतीस पानं, शेजारी रित्वाने केलेल्या राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या, आत भाताचं सारण भरलेल्या करंज्या, वर ओला रुमाल. थोड्या वेळाने काउको येऊन दोन पायऱ्या खाली बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"काय चाललंय आत?"

"काही ऐकू येत नाही."

"मग ठीक आहे," काउको म्हणाला.

"ठीक काय? ती पोर्तुगालची बाई आहे. टॅक्सीवाला म्हणाला, विमानतळापासून इथपर्यंत एकशे वीस किलोमीटर अखंड बोलत होती. झेंडा सोडला तर ती श्वास घ्यायलाही थांबली नाही. आता वीस मिनिटं आवाज नाही. काउको, ती बेशुद्ध पडली असेल!"

"हिल्काबाई आहेत ना."

"त्या एक्याऐंशीच्या आहेत! दोघीही पडल्या असतील!"

काउकोने यावर विचार केला. "भट्टीवर पाणी टाकल्याचा आवाज आला आत्ता."

"कुणीतरी एक शुद्धीत आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं," इल्पो म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे उद्याची बातमी आली. खाली मंडळाचं नाव, शाखेचं नाव, आणि झेंडा आधीपासूनच अर्ध्यावर.

सहा चाळीसला त्याला राहवेना. दार वाजवायचं नाही असं बजावलं होतं, पण कान लावायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. तो उठला आणि सौनाच्या दाराला कान लावून उभा राहिला. नेमकी त्याच क्षणी सातच्या पाळीची सायमी घरच्यांसह टॉवेल घेऊन जिना उतरली. मागून वेळ तपासायला आउलिस.

सायमीने टॉवेल छातीशी धरला.

"इल्पो," आउलिस म्हणाला, "हे काय करतोयस?"

"परराष्ट्र व्यापार," इल्पो म्हणाला. कान त्याने काढला नाही. आता काढला असता तर अधिकच वाईट दिसलं असतं.

"सकाळी मारली आणि संध्याकाळी डोकावतोय," सायमी आउलिसला म्हणाली. तिला हलकं बोलायची सवय होती, पण तळघरात आवाज घुमतो.

सात वाजायला दोन मिनिटं असताना कडी निघाली. आधी हिल्काबाई आल्या, लालबुंद आणि शांत. मागून ग्रासाबाई, अंगात हिल्काबाईंचाच फुलाफुलांचा जाड गाऊन, तो त्यांना पायघोळ झालेला, केस ओले, आणि बगलेत बुचाचा पाट.

काउको उभा राहिला. टोपी त्याच्या गुडघ्यावरून खाली पडली, ती त्याने उचलली नाही.

"त्या यावर बसल्याच नाहीत," ग्रासाबाई इंग्रजीत म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "मी पाट मांडला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि आपला टॉवेल अंथरून लाकडावर बसल्या. मी म्हटलं, बसून तर बघा. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं."

"सौनात बडबडायचं नसतं," हिल्काबाई म्हणाल्या. त्यांना भाषा कळली नव्हती, पण बोट कळलं होतं.

इल्पोच्या हातातली अडतीस पानं पायरीवर सांडली. काउको खाली बघत होता.

"मग मी गप्प बसले," ग्रासाबाई पुढे म्हणाल्या. "मला सवय नाही. पाच मिनिटांनी मला वाटलं मी मरते. दहा मिनिटांनी वाटलं, बरं चाललंय. आणि मग मी बघितलं, त्या भिंतीला टेकायला जात होत्या आणि चटका बसला की परत पुढे होत होत्या. पुन्हा टेकायच्या, पुन्हा पुढे. शेवटी त्यांनी स्वतःच हात लांब करून माझा पाट घेतला आणि पाठीमागे लावला. आणि टेकल्या. मी त्यांचे खांदे खाली जाताना पाहिले. डोळे मिटले, ते अर्धा तास उघडले नाहीत."

इल्पोने हिल्काबाईंना विचारलं, "पाट कसा वाटला?"

"बसायला नको," हिल्काबाई म्हणाल्या. "ते आपल्याकडे कोण घेणार? बसायला टॉवेल असतो. पण पाठीला बरा आहे. चौतीस वर्षं मी ताठ बसतेय इथे." त्या जरा थांबल्या. "काही लोकांना वाटत होतं मी लवकर आडवी होईन."

"आम्ही माणसाच्या चुकीच्या बाजूला माल विकायला निघालो होतो," ग्रासाबाई म्हणाल्या. त्यांनी पाट काउकोच्या हातात दिला. "पाट नाही. पाठ टेकायच्या फळ्या. बूच माझं, चौकट तुमची. पहिल्या वर्षी चौदा माणसं नाही जमणार. नऊ. मग बघू. सोमवारपासून करवत चालू करता येईल?"

इल्पोने भाषांतर केलं. नऊ हा आकडा त्याने दोनदा सांगितला.

काउकोने पाट उलटासुलटा केला. अंगठा कडेवरून फिरवला. जिन्यातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, सायमीसुद्धा.

"चौकट बर्चची केलीय यांनी," तो म्हणाला. "बर्च तापतं. ॲस्पेनचं लाकूड घ्यावं लागेल."

"काउको!" इल्पो कळवळून म्हणाला. "आधी हो तर म्हण!"

"हो तर म्हणतोच आहे," काउको म्हणाला. मग तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ तिथली विजेची पेटी वाचत उभा राहिला. त्याचं वाचून होईपर्यंत कुणी हललं नाही. सातच्या पाळीची तीन मिनिटं गेली आणि आउलिसने ती कुठेही नोंदवली नाहीत.

हिल्काबाईंनी रुमालाखालची एक करंजी उचलली, अर्धी मोडून ग्रासाबाईंना दिली, आणि दोघी न बोलता जिना चढून गेल्या.

हेलसिंकीचा तिमाही फॉर्म आला होता. सोमवारी सकाळी इल्पो ऑफिसला जाण्याआधी तो भरायला बसला. 'गुंतवणुकीचं स्वरूप' लिहिलं, 'रोजगार: नऊ' लिहिलं. पुढचा प्रश्न होता, 'वाटाघाटींत शाखेच्या प्रतिनिधीची नेमकी भूमिका'.

"काय लिहू?" त्याने रित्वाला विचारलं. "मार्गदर्शन?"

"दाराला कान लावून मार्गदर्शन?"

"समन्वय?"

रित्वा खिडकी उघडून उभी होती. सात वाजले होते. तळ्यापलीकडून करवतीचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला, आणि मग चालूच राहिला. थंडी आत येत होती तरी तिने खिडकी लावली नाही.

इल्पोने तो रकाना पुन्हा वाचला. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'दार वाजवलं नाही.'